टोपभर पाणी, टेम्पोभर मीठ

आमच्या इमारतीत कुणी नवी गाडी घेतली की पेढ्याबरोबर मला एक चक्करही मिळते. एकट्या बाईला मिरवून आणलं की पुण्य लागत असावं. गाडी चौकाला वळसा घालून परत येते, आणि उतरताना मालक विचारतोच, "काय मावशी, कशी वाटली?" मी म्हणते, छान आहे, थंडगार आहे. खरं मत द्यायचं तर मला मांडीवर पाण्यानं भरलेला टोप लागतो. तो मागितला तर लोक मला वेड्यात काढतील. एके काळी काढलंही होतं. मानपाडा रोडचे रिक्षावाले मला टोपवाली म्हणायचे, आणि पाठीमागे नाही, तोंडावर.

ही गोष्ट नव्वद सालाच्या आगेमागेची. मी तेव्हा तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात नोकरीला होते. प्रयोगशाळेत नमुने तपासायचे, हे माझं काम. कितीही साबण लावला तरी बोटांवरचा रंग जायचा नाही. माझे हात पिवळे करायचं बाबाच्या नशिबात नव्हतं, ते काम कारखान्यानं परस्पर उरकलं, असं मी हसत हसत सांगायचे. बाबाला हा विनोद आवडायचा नाही.

आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत, म्हणून इथंही करत नाही. बाबा मूळचा कोलशेतचा, मिठागरातला. तरुणपणी डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहायचा. आई घाटावरची. ते लग्न त्याच्या घरी कुणाला पटलं नाही, तेव्हा तो तिला घेऊन इकडे, शीळ फाट्यापलीकडच्या मानपाड्याला आला आणि एका कारखान्यात मिळेल त्या कामाला लागला. मी कॉलेजात असताना आई गेली. मग आम्ही दोघंच उरलो. कोलशेतहून संबंध ठेवला तो एकट्या आत्यानं, बाबाच्या थोरल्या बहिणीनं. ती गौरीला यायची, सोडे आणि सुकवलेला जवळा घेऊन. पुढे तिचे गुडघे गेले आणि तेही थांबलं.

बाबाच्या पाठीचं दुखणं आधी साधं वाटलं. पुढे तो उठेनासा झाला. ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहिला, मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं की मणके आतून पोखरले गेलेत, बरं होणारं हे दुखणं नाही, फक्त धक्का बसू देऊ नका. धक्का बसू देऊ नका हे सांगणाऱ्या माणसानं कल्याण-शीळ रस्ता पाहिला नसावा. आम्ही त्याच रस्त्यानं अँब्युलन्समधून आलो होतो आणि त्याच रस्त्यानं परत जायचं होतं.

त्या अँब्युलन्सचं मी काय सांगू. उंच, हलकी आणि कडक स्प्रिंगांची. प्रत्येक खड्ड्यात स्ट्रेचर खणखणायचं आणि बाबा ओरडायचा. जाताना तो ड्रायव्हरला, रस्त्याला आणि सरकारला शिव्या देत होता. येताना मुंब्र्यापर्यंत शिव्या चालू होत्या, मग त्या थांबल्या. शिव्या थांबल्याचीच मला जास्त भीती वाटली. घरी खाटेवर ठेवल्यावर तो म्हणाला, आता मना कुठं नेव नको.

आणि दिवाळी झाल्यावर, मिठागरात पाणी घ्यायचे दिवस आले तेव्हा, एका सकाळी त्यानं मला खाटेशी बोलावलं.

"मना कोलशेतला ने गो बाय. घरा ने," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पन गारीत नको."

गाडीत नको तर काय खांद्यावर नेऊ, असं माझ्या तोंडून निघून गेलं. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग मला कळवते. खांद्यावरून कोण जातं हे दोघांनाही ठाऊक होतं. खांदा द्यायला चार माणसं लागतात, आणि आमच्याकडे तेवढीही नव्हती, हेही ठाऊक होतं. त्या दिवशी मी कारखान्यात कामाला हात लावला नाही. नुसती खिडकीशी उभी राहिले. बाबाला घरी जायचं होतं आणि त्याला गाडीचं भय वाटत होतं. मधे मी होते. दुसरं कोण होतं?

आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. त्या शुक्रवारपासून मी गाड्या बघायला लागले. नुसतं बघून काय कळणार, म्हणून टोप घेतला. कारखान्यात ॲसिडच्या बाटल्या यायच्या, तेव्हा कुठली गाडी कशी आली ते बाटलीच्या गळ्याशी लागलेल्या ओलीवरून समजायचं. पातळ पदार्थ भीडभाड ठेवत नाही. घरात बाबाची पेज शिजायची तो ॲल्युमिनियमचा टोप होता. तो काठाला दोन बोटं ठेवून पाण्यानं भरायचा, मांडीवर घ्यायचा, आणि मानपाड्याहून गाडी जाईल तिथवर जायचं. उतरल्यावर बघायचं की पाणी किती राहिलं आणि साडी किती भिजली. शेजारच्या काकू तेवढा वेळ बाबाजवळ बसायच्या. बाईसाहेब कुठं निघाल्या, तळ्याला अर्घ्य द्यायला का, असं त्या विचारायच्या.

रिक्षा मी पहिल्याच दिवशी बाद केली. रिक्षा वळते सुरेख, गर्दीतून सुईत दोरा ओवावा तशी निघते, पण तिची चाकं तीन. डावं-उजवं चाक खड्डा चुकवतं आणि पुढचं नेमकं त्यात जाऊन बसतं. शिवाय आडवं झोपणार कुठं. टोप अर्धा झाला, आणि सीट ओली केली म्हणून रिक्षावाल्यानं मला बोल लावला. मग शीळ फाट्याला माणसं कोंबून नेणारी जीप पाहिली. जीप दणकट, चिखलाला भीत नाही, चढाला दमत नाही. पण तिच्या मागच्या आडव्या बाकावर माणूस पुढे-मागे हलत नाही, बाजूला फेकला जातो, आणि ड्रायव्हरच्या हातात स्टीअरिंग अर्धी फेरी नुसतंच फिरतं. पाणी शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर गेलं. तो फार सज्जन निघाला. कुठल्या देवाचं तीर्थ आहे, एवढंच त्यानं विचारलं.

ठाण्याची जुनी गोल टॅक्सी मात्र मला मनापासून आवडली. मऊ गाडी. खड्ड्यात जायची ती बसल्यासारखी आणि निघायची ती उठल्यासारखी. टोपातलं पाणी नुसतं डुलत राहिलं. मी खुशीत घरी आले आणि मागची सीट वितीनं मोजल्याचं आठवून हिरमुसले. त्या सीटवर बाबाला पाय पोटाशी घ्यावे लागले असते. त्याच्या पाठीला वाकायचं कसं ते आता येत नव्हतं. तीनचाकी टेम्पो, लांब नाकाचा, तो आवाजानंच गेला. त्याच्यात बोलायचं तर शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे.

एक कबूल केलं पाहिजे. त्या शुक्रवारांत मी जेवढी फिरले तेवढी आयुष्यात फिरले नव्हते. नोकरी, रेशन, बाबाची औषधं यापलीकडे मला कुठं जायला जागाच नव्हती. टोप मांडीवर असला की निदान आपण कुणासाठी तरी निघालोय असं वाटायचं. बसमध्ये बायका जोडीनं, पोराबाळांसह बसलेल्या असायच्या. माझ्याशेजारची जागा भिजायच्या भीतीनं रिकामी राहायची. मला एकटं वाटायचं, आणि तरी शुक्रवारची मी वाट बघायचे.

चारचाकी टेम्पोची पाळी शेवटी आली. मानपाडा गावातलाच ड्रायव्हर होता, माझ्याहून थोडा लहान. कारखान्याचा माल माजिवड्याच्या गोदामात पोचवायचा, म्हणून माझ्या ओळखीचा. शुक्रवारी त्याला बाहेरचं भाडं असे. मी मागच्या हौद्यात टोप घेऊन बसते म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडे आणि मग टोपाकडे पाहिलं आणि फळी उघडून दिली. जाताना गाडी रिकामी होती. शीळ फाट्याच्या आतच पाणी संपलं. मी स्वतःच हौद्यात इकडून तिकडे गेले. टेम्पोही बाद, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

येताना त्याला माजिवड्याहून तबेल्याची पेंड आणायची होती. दुसरी गाडी दिसेना, म्हणून मी परत त्याच्यातच बसले, पोत्यांच्या मधे. टोप एका टपरीवरून भरून घेतला होता, तो काही परीक्षेसाठी नाही, सवयीनं. कळव्याचा पूल आला. पुलाच्या सांध्यांवर जीप कशी उसळली होती ते मला आठवत होतं, म्हणून मी टोप घट्ट धरला. गाडी सांध्यांवरून गेली आणि काही झालं नाही. मुंब्र्याचा रस्ता गेला. मानपाडा आलं. साडीवर चार थेंब होते.

मी तिथंच हौद्यात बसून हसले. तपासणं हा माझा धंदा, आणि मी मालगाडी रिकामी तपासली होती. तिच्या स्प्रिंगांच्या पाट्या मालासाठी केलेल्या असतात. वजन आलं की त्या दबतात आणि गाडी रस्त्याला धरून चालते. वजन नसलं की ती उडते. रांधायच्या आधीच भाताला नावं ठेवण्यातली गत.

ड्रायव्हरला मी सगळं सांगितलं, बाबाचंही. त्याला ते लगेच पटलं. तो म्हणाला, गादी मधे टाकू, मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे दणका कमी लागेल. मग तो अगदी सहज म्हणाला, "वजनाला माणसंच बसवा ना ताई. दहा-बारा माणसं चहूबाजूंनी बसली की म्हाताऱ्याला धरतील पण. लग्नाला नेतो तशी. तुमची माणसं किती होतील?"

मी मोजायला लागले. मी. शेजारच्या काकू आल्या असत्या, पण त्यांना उलटी व्हायची. कारखान्यातल्या बायकांची घरं होती, आणि मी कधी कुणाच्या हळदीकुंकवाला गेले नव्हते. हाताचं दुसरं बोट काही उघडेना. माझ्या आयुष्यात मला पुष्कळदा वाईट वाटलंय, पण टेम्पोच्या चाकाशी उभं राहून जेवढं वाटलं तेवढं क्वचितच.

"पोती भरा," मी म्हटलं.

पोती कुठली, हा प्रश्न कारखान्यानंच सोडवला. रंग करायला जाडं मीठ लागतं, पोतीच्या पोती. त्यातली पत्र्याखालची बरीचशी पावसात भिजून दगड झाली होती आणि मातीनं खराबही. टाकायचीच होती, घेऊन जा, असं स्टोअरवाला म्हणाला. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी ड्रायव्हरनं आणि त्याच्या भावानं ती हौद्यात रचली. वर गोधड्या, वर गादी, दोन्ही बाजूंना पोत्यांचा बांध. बाबाला खाटेसकट उचलून आणलं. तो डोळे मिटून घेऊन दात आवळून पडला होता. गादीवर ठेवल्यावर त्याचा हात बाजूच्या पोत्यावर गेला. त्यानं बोटांनी गोणपाट चाचपलं, बोट जिभेला लावलं आणि डोळे उघडले.

"मीठ?" तो म्हणाला. "कोलशेतला मीठ नेतेस? येरी हायस का गो?"

कितीतरी महिन्यांनी तो हसला. हसल्यानंही त्याची पाठ दुखली असणार, पण तो थांबला नाही.

टोप मी त्याच्या उशाशी ठेवला. तो आडवा, त्याला फक्त आभाळ दिसत होतं आणि मान वळवली की पाणी. पहिल्या खड्ड्याला त्यानं माझं मनगट धरलं. गाडी खाली गेली, वर आली, आणि तो ओरडला नाही. दुसऱ्या खड्ड्यालाही नाही. मग तो मला विचारायला लागला, सांडला का? मी म्हणायचे, नाही. पुन्हा थोड्या वेळानं, सांडला का? ड्रायव्हर गाडी इतकी सांभाळून चालवत होता की मागच्या गाड्या हॉर्न देऊन शिव्या घालून पुढे जात होत्या. दुखत होतंच त्याला, मला दिसत होतं, पण ते त्याला सोसत होतं. कळव्याच्या पुलावर त्यानं नाकानं मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, खाडी आली. माजिवड्यानंतर गाडी वळली, तेव्हा त्यानं माझं मनगट सोडलं. मी आनंदात होते. खरंच होते. इतकी की पुढे काय होईल याचा मी विचारच केला नव्हता. संध्याकाळी उन्हं उतरली की त्याच गादीवर, त्याच पोत्यांत त्याला परत आणायचं, एवढं ठरलेलं होतं.

आत्याचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटी. ओटीवरून नारळाची झाडं, मग बांध, मग मिठागर. अर्ध्या मिठागरात झुडपं माजली होती, अर्ध्यात अजून पाणी चमकत होतं. आळीतले पुरुष न बोलावता धावत आले. कुणी विचारलं नाही हा कोण. सगळ्यांनी मिळून गादी उचलली आणि ओटीवर ठेवली. आत्या बाबाच्या पायाशी बसली आणि त्याचे तळवे चोळत राहिली. दोघं फारसं बोललीच नाहीत. कुणाचं मिठागर अजून चालतं, कुणाचं विकलं, एवढंच. माणसं येत होती, टेकत होती, जात होती. एवढी माणसं आपली म्हणून एका जागी मी कधी पाहिली नव्हती, आणि ती माझी नव्हती.

आत्यानं मला आत जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण. जेवताना बाहेर धपधप आवाज येत होते. पोरं खेळत असतील, असं मला वाटलं. हात धुऊन बाहेर आले तर टेम्पोचा हौदा मोकळा होता. आळीतली माणसं मिठाची पोती नारळांच्या बुंध्याशी फोडत होती. नारळाला मीठ घालायची तिथली रीतच आहे. ड्रायव्हर बाजूला अवघडून उभा होता.

"हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीनीच," बाबा ओटीवरून म्हणाला. तो झाडांकडे बघत होता.

"मग संध्याकाळी तुला नेऊ कशी? रिकाम्या गाडीत?"

"मना नको नेव," तो म्हणाला. "मी घरा आलू. तू जा गो बाय, तुझी ड्युटी हाय."

मला राग आला. एवढा आला की मी बांधापर्यंत चालत गेले आणि तिथं पाण्याकडे तोंड करून उभी राहिले. त्याला न्यायला गाडी शोधता शोधता माझा हिवाळा गेला, आणि परत आणायची गाडी त्यानं माझं जेवण होईस्तोवर रिकामी करून टाकली. माझ्यावरचं ओझं कमी करायला त्यानं हे केलं असेल, असं पुढे लोकांनी मला समजावलं. असेलही. पण घर म्हणताना त्याच्या मनात कधीच आमची मानपाड्याची खोली नव्हती, हे मला त्या बांधावर कळलं. ज्या खोलीत मी त्याची पेज करायचे, तिथं तो इतकी वर्षं नुसता उतरला होता. तो सुखात होता आणि मला त्याचं सुख बघवत नव्हतं.

निघताना मी त्याच्या उशाशी गेले. त्यानं माझ्या बोटांवरचा पिवळा रंग अंगठ्यानं पुसून पाहिला. टोप तिथंच होता.

"टोप ने," तो म्हणाला. "पेज कशान रांधशील?"

पेज फक्त त्याच्यासाठी शिजायची. मी टोप उचलला.

तो तिथं पावसाळ्याच्या तोंडापर्यंत होता. मी दर शुक्रवारी बस बदलत जायचे, आणि टोप नेत नसे. शेवटी त्याला खांदा द्यायला चार माणसं लागली तेव्हा तिथं चाळीस होती. मी बायकांच्यात उभी होते.

पण त्या संध्याकाळी परत निघालो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, ताई, पुढे केबिनमधे बसा. मी नको म्हटलं. मागे चढले आणि बाबाची गादी होती त्या जागी बसले, मागच्या चाकांच्या पुढे, मधोमध. टोपात सकाळचं पाणी होतं, ते मी ओतलं नव्हतं. माजिवड्याला पोचेपर्यंत माझी साडी गुडघ्यांपर्यंत भिजली. मी टोप धरायचा सोडून दिला. तो हौद्यात इकडून तिकडे वाजत फिरत राहिला. कळव्याच्या पुलावर सांध्यांमागून सांधे येत गेले, तसे आम्ही दोघंही उडत राहिलो, मी आणि टोप.

पूल संपल्यावर ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि मागे येऊन फळीवरून डोकावला. मी रडत होते ते त्याला दिसलं असणार.

"ताई," तो म्हणाला, "फास्ट मारतोय का मी?"

"नाही रे," मी म्हटलं. "गाडी रिकामी आहे."

त्यानं पुढे मानपाड्यापर्यंत गाडी अगदी हळू चालवली. त्यानं काही फरक पडला नाही.